ब्रेकवर उतरलेला घाट

कादंबरी लिहायला म्हणून महाबळेश्वरात नऊ दिवस राहिलो आणि एकही धड पान न लिहिता परत निघालो. आंबेनळी घाट उतरून पोलादपुरात आलो तेव्हा गाडीच्या पुढच्या चाकातून धूर येत होता. एका गॅरेजसमोर थांबलो आणि चाकावर बाटलीतलं पाणी ओतणार, तोच तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं माझं मनगट धरलं.

"पाणी नको. तापल्या लोखंडावर मारलात तर तडकेल."

त्यानं पान्याला हातही लावला नाही. चाकाजवळ उकिडवा बसला, पोराचा ताप बघावा तसा पालथा हात चाकाजवळ धरला आणि उठून चहा प्यायला लागला. मी दर दोन मिनिटांनी विचारत होतो, झालं का. तो दर वेळी तसाच हात धरायचा आणि मान हलवायचा.

"पण बिघडलंय काय?" मी चिडून विचारलं.

"काय नाय. सगळा घाट ब्रेकवर उतरलात. दुसऱ्या गिअरात टाकायची नि येऊ द्यायची. गाडीला उतार कळतो, साहेब. तुमचाच पाय सुटत नाय."

ते मला लागलं. वर्षभर मी एक ओळ लिहीत होतो आणि दुसरी सुचायच्या आत ती खोडत होतो. गाडीतून वही काढली. त्याचा पालथा हात लिहिला, मग नखांतलं काळं ग्रीस, आणि काही न खोडता पुढे गेलो.

"थंड झालं. निघा आता," तो म्हणाला.

"पाच मिनिटं," मी मान वर न करता म्हणालो.