अंजनाबाईचा अंगठा

मले, बाबूभाई टायपिस्टले, कोणी चूक दाखवाले आला का मी त्याले तोंडावर म्हणतो, 'चल निघ!' तीस वर्षं झाले, भद्रावतीत तहसीलसमोर बसतो मी. पण अंजनाबाईचं नाव निघालं का माह्यं तोंड बंद होते.

बाई माजरीची, इथून जवळच्या कोळसा खाणीच्या गावची. नवरा गेला, मंग खाणीच्या कॉलनीत घरोघरी भांडे घासून तिनं प्रफुलले इंजिनिअर केलं. पोट्टा इंग्लंडात गेला, तिथी स्वतःची कंपनी काढली, एकट्याचीच. पगार नावाले, खरी कमाई म्हणजे नफ्याचा वाटा, डिविडंड. आमच्याकडे कमाई पहिले मायच्या हातात पडते. या पठ्ठ्यानं तिथी बसूनही तेच केलं. डिविडंड कंपनीच्या खात्यातून सरळ मायच्या खात्यात!

२००७ मधी त्याले व्हिसा वाढवाचा होता. तिथला साहेब म्हणे, कमाई दाखव, नाई तं देश सोड. कंपनीच्या कागदावर डिविडंड होता, पण पोराच्या खात्यात एक पैसा जमा नाई. मंग वकिलानं मार्ग काढला. मायचं पासबुक जोडा, अन् हे पैसे लेकाच्याच कमाईचे असं तिचं प्रतिज्ञापत्र जोडा.

मुदतीले थोडेच दिवस होते. बाई धापा टाकत आली.

"बाबूभाऊ, पोराचं सारं तुमच्या हाती हाय."

"अवं बाई, असे हजार कागद केले म्या. बस, पाणी पी."

हजार केले, तिथीच माती खाल्ली! विधवा बाई समोर बसली का ती सरकारच्या निराधार योजनेच्या पगारासाठीच आली, अशी माह्या बोटांची सवय. लेकाच्या पैशाचं सारं बरोबर लिहिलं, अन् शेवटी नेहमीची ओळ आपोआप उमटली: 'मला कोणाचाही आर्थिक आधार नाही, मुलगा सांभाळ करीत नाही.' वाचून दाखवलं नाई. तिनं विश्वासानं अंगठा लावला. नागपुरात त्याचं इंग्रजी झालं, कुरिअर गेलं, पोरानं शेवटच्या दिवशी घाईत तसंच जोडलं.

नकार आला. म्हणे, एकाच कागदात माय दोन गोष्टी सांगते, यातली खरी कोणती?

प्रफुल कंपनी बंद करून परत आला. आता माजरीत एका ठेकेदाराकडे ट्रकच्या खेपा लिहिते. आला त्याच आठवड्यात मायले घेऊन माह्याकडे आला.

"बाबूभाऊ, काय चुकलं जी आपलं?" बाईनं विचारलं.

"बाई, माह्याकडून..."

"तिथला नियमच बदलला, माय," प्रफुल मधातच बोलला. मंग मले बाजूले नेऊन हळूच म्हणे, "चाचा, तिले सांगू नका. अंगठा तिचा हाय. समजलं तं जगणार नाई ते."

त्यानं मले दोन थापडा मारल्या असत्या तं बरं झालं असतं.

जाताना बाईनं पदराची गाठ सोडली. "त्या दिवशी घाईत तुमच्या टायपिंगचे पैसे राह्यले, भाऊ." पन्नासची नोट होती.

घेतली म्या. नाई म्हटलं असतं तं तिनं विचारलं असतं, काऊन?