शंभर कशाचे?

दवाखान्यात त्यांना सगळे काठीकाका म्हणत. काठी टेकत चालत म्हणून नव्हे. चालण्यात ते पंचविशीतल्या तरुणालाही मागे टाकत. नाव पडलं ते दवाखान्याच्या जुन्या डिझेल गाडीमुळे. तिच्या टाकीचा काटा खरं सांगतो यावर त्यांचा एक दिवसही विश्वास बसला नाही. रोज सकाळी ते टाकीत खुणा केलेली काठी बुडवत, ओल कुठवर आली ते बघत आणि मगच रुग्णांना आणायला निघत. घरी कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहत. बायकोनं लावलेलं असेल तर चारदा. पण एकवीस वर्षांत त्यांची गाडी रस्त्यात अडली नाही, त्यामुळे हसणारेही जपून हसत.

दवाखाना गुडघे, खांदे आणि कंबर दुखणाऱ्यांचा. ज्यांना एकट्यानं येववत नाही, त्यांना घरून आणायचं, व्यायाम झाला की परत सोडायचं, हे काकांचं काम. डॉक्टरीणबाईंनी यंदा जुनी गाडी काढून विजेवर चालणारी घेतली, तेव्हा काकांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. काठी घालायला भोकच नव्हतं.

"बॅटरी किती उरली ते कसं दाखवू?" गाडी द्यायला आलेल्या माणसानं विचारलं. "टक्क्यांत की किलोमीटरमध्ये?"

"मला माणसं पोचवायचीत, परीक्षेचे मार्क नाही काढायचे. किलोमीटर लावा."

पडद्यावर ठसठशीत तीनशे उमटले. आकड्याशेजारी काहीतरी बारीक डाग होता. काकांनी फडक्यानं पुसला, गेला नाही. नव्या गाडीवर डाग! त्या माणसावर त्यांचा विश्वास मुळात नव्हताच, तो आता पुरता उडाला.

पंधरा दिवस बरे गेले. मग एका सोमवारी रात्रभर वीज भरलेल्या गाडीत काका सीटवरची कसलीशी पावती खिशात कोंबून बसले, तर पडद्यावर तीनशेच्या जागी शंभर.

पहिला संशय त्यांना दुपारच्या पाळीत हीच गाडी चालवणाऱ्या ताईंचा आला. ताई दीड वर्षापूर्वी लागलेल्या. हात साफ, बोलणं चटपटीत. महिन्यापूर्वी त्यांनी सकाळची पाळी मागितली होती. घरी सासूबाई आजारी, दुपारी त्यांना एकटं सोडवत नाही, असं म्हणाल्या होत्या. बाईंनी काकांना विचारलं होतं आणि काकांनी नाही म्हटलं होतं. आता ही बया रात्री तारच काढून ठेवत असणार. गाडी अडली की खापर कोणावर? म्हाताऱ्यावर!

काकांनी खेळ ओळखला आणि ते सावध झाले. लांबच्या गावच्या मास्तरांना आणणं-सोडणं मिळून एकशे साठ किलोमीटर पडत. शंभरात ते कसं बसावं? "गाडीची तब्येत बरी नाही," असा त्यांना निरोप दिला. जवळपासची माणसं तेवढी आणली. पण एक्कावन्न किलोमीटर फिरल्यावर पडद्यावर त्र्याऐंशी! एकोणपन्नास हवे होते. आधी चोरी आणि वर मेहेरबानी? काकांचं डोकं गरगरलं.

"अहो, विचारा ना त्यांना सरळ," बायको म्हणाली.

"चोराला विचारू, चोरी कशी केलीस म्हणून?"

"मग घरात तरी फुरफुरू नका."

मंगळवारी तेच झालं. बुधवारीही सकाळी शंभर, दुपारी त्र्याऐंशी. एक वाजता ताई आल्या. मागच्या सीटवर नव्या गुडघ्याच्या आजी घरी जायला बसल्या होत्या, तरी काकांना राहवलं नाही.

"ताई, माझे दोनशे किलोमीटर कुठे गेले?"

"कुठले दोनशे?"

"तीनशे असायचे. तीन दिवस शंभरच दिसतायत. सासूबाईंचं नाव सांगून पाळी मागायची आणि मिळाली नाही की..."

"सासूबाईंना मध्ये आणू नका हां, काका." ताईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी आत वाकून पडद्यावर बोट ठेवलं. "अहो, शंभर टक्के! शनिवारी चढावर किलोमीटर धडाधड उतरले, जीव घाबरला माझा. म्हणून टक्के लावले. चिठ्ठी ठेवली होती की तुम्हाला."

"ती पावती नव्हती?"

"पावती? आणि ही टक्क्यांची खूण काय..."

ताई थांबल्या. त्यांचं बोट त्या डागावर होतं. काकांच्या हातात फडकं होतं. रोज सकाळी एवढं घासून काका काय पुसतात, हे त्यांना आत्ता कळलं असावं.

इतक्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "काका, मास्तरांचा फोन आला होता. तीन दिवस व्यायाम बुडालाय त्यांचा. गाडीला काय झालंय?"

"काही नाही, मॅडम," ताई पटकन म्हणाल्या. "टक्के ठेवायचे की किलोमीटर, यावर आमची जुंपली होती. थोडा गोंधळ झाला."

काकांनी ताईंकडे पाहिलं. ही मला का वाचवतेय? उद्या याच्या बदल्यात काय मागेल? आणि नाही मागितलं तरी उद्या चौकात आणखी काय दिसायचं राहील? मागे आजी दोन्ही हातांनी दाराची कडी धरून बसल्या होत्या.

"बाई," काका म्हणाले, "मला ती खूण दिसली नाही. सहा महिने झाले, बारीक काही दिसत नाही. घरी पेपर मी नुसता धरतो, वाचून बायको दाखवते."

बाईंनी हात पुढे केला आणि काकांनी किल्ली त्यावर ठेवली.

"आजच डोळे दाखवून या. डॉक्टर काय लिहून देतात ते बघू. तोवर सकाळही ताई सांभाळतील."

म्हणजे मिळाली शेवटी पाळी, असं काकांच्या मनात आलंच. तोंडावरही आलं असावं.

"काका, बसताय ना?" ताईंनी स्टिअरिंगवर बसत विचारलं. "आजींना जिना मी एकटीनं कसा चढवू? मग तुम्हाला डोळ्यांच्या दवाखान्यात सोडते."

काका शेजारच्या सीटवर बसले. ताईंनी पडद्यावर दोनदा बोट टेकवलं.

"तुमचे किलोमीटर लावलेत. दोनशे एकोणपन्नास."

"मी विचारलं नव्हतं."

गाडी पुलाशी आली, तसे काका समोर बघतच म्हणाले, "आता किती?"

"दोनशे त्रेचाळीस."

"नक्की?"

ताईंनी गाडी कडेला घेऊन थांबवली. फोन काढून पडद्याचा फोटो टिपला, दोन बोटांनी मोठा केला आणि फोन काकांच्या हातात दिला. काकांनी तो दूर धरला, जवळ आणला, पुन्हा दूर नेला. आकडा दिसला. शेजारचा डाग उलगडत गेला आणि त्याची दोन अक्षरं झाली.

"कि... मी," काकांनी वाचलं. फोन परत दिला. "हं. चला आता, आजींना जेवायला उशीर होतोय."