तपासणीच्या दिवशी मी कुठे होते

पंचवटीतल्या ज्या शाळेत मी सात वर्षं विज्ञान शिकवलं, तिथे कागदोपत्री मी एकही तास घेतलेला नाही. हजेरीपटावर माझी सही नाही, वेळापत्रकात नाव नाही. आठवी ‘ब’चे विज्ञानाचे तास एका ज्येष्ठ बाईंच्या नावावर होते. त्या बिचाऱ्या निवृत्तीला टेकलेल्या, गुडघ्यांनी बेजार. आठवी ‘ब’ वरच्या मजल्यावर भरायची, त्यामुळे तो वर्ग त्यांनी माझ्या काळात एकदाही पाहिला नसावा.

याचं कारण माझी पदवी. वडील शिक्षक म्हणून झांबियाला गेले तेव्हा मी शाळेत होते. पुढे तिथेच मी चार वर्षांचा अभ्यासक्रम केला. त्यात विज्ञानही होतं आणि शिकवायचं कसं तेही, आणि दोन्हीची मिळून एकच पदवी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी नाशिकला आले. नवरा अंबडला कारखान्यात. मला वाटलं, विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कोण नको म्हणणार? आणि खरोखरच कुणी म्हटलं नाही. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, माझा एक पाठ पाहिला आणि म्हणाल्या, “उद्यापासून या. मान्यतेचा प्रस्ताव मी पाठवते.”

मान्यता शिक्षण खात्याची. ती मिळाली की माणूस सरकारच्या लेखी शिक्षक होतो. ती नसेल तर संस्था हातावर ठेवेल ते घ्यायचं, आणि दर जूनमध्ये ‘या’ असं कुणी म्हणतंय का याची वाट बघायची.

प्रस्ताव गेला आणि आठ महिने काहीच कळलं नाही. शेवटी मीच कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनानं माझी फाइल ‘परराज्यातील पदव्या’ या गठ्ठ्यात ठेवली होती. परदेशासाठी त्याच्याकडे गठ्ठाच नव्हता. “परराज्य काय, परदेश काय, बाहेरचंच ना?” तो म्हणाला. मला फार राग आला की मी भलतीच नम्र होते. नम्रपणे विचारलं, मग आता काय करायचं? तो म्हणाला, “दिल्लीहून समकक्षतेचा दाखला आणा, ताई. पदवी आपल्याकडच्या पदवीच्या तोडीची आहे असा.”

तो यायला दीड वर्ष लागलं. आला त्या दिवशी मी घरी शिरा केला. दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन कार्यालयात गेले, तर कारकुनानं एक छापील तक्ता काढला. त्यात दोन रकाने होते, एक बी.एस्सी.चा, एक बी.एड.चा. प्रत्येक रकान्याला वेगळं प्रमाणपत्र हवं.

“माझं एकच आहे, पण त्यात दोन्ही आहे,” मी म्हटलं.

“एक कागद दोन रकान्यांत कसा बसवू? विज्ञानात धरतो. बी.एड. तेवढं करून टाका.”

करून टाका! ठीक आहे, म्हटलं, करून टाकू. बी.एड. कॉलेजात गेले. तिथल्या प्रवेशाच्या बाईंनी माझी गुणपत्रिका दोनदा वाचली. “अहो, यात बालमानसशास्त्र आहे, वर्गावर घेतलेले पाठ आहेत. तुमचं बी.एड. झालंय की! झालेल्यांना परत प्रवेश देता येत नाही.”

“मग तसं लिहून देता?”

“ते आम्ही कसं लिहून देणार? ते खात्याचं काम.”

थोडक्यात, खात्याच्या दृष्टीनं माझं बी.एड. झालं नव्हतं आणि कॉलेजच्या दृष्टीनं झालं होतं. दोन्ही इमारतींमध्ये मोपेडवरून पंधरा मिनिटांचं अंतर. त्या पंधरा मिनिटांत मी पुढची चार-पाच वर्षं अडकून पडले. अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, कारकून बदलले, तक्ता तोच राहिला. नवरा म्हणायचा, “सोड ना. घरी शिकवण्या घे.” त्याचं काही चुकत नव्हतं. पण मला शिकवण्या नको होत्या. मला वर्ग हवा होता, आणि हजेरीपटावर माझी सही हवी होती. शाळा सोडली तर माझा अनुभव वाया जाईल असंही वाटायचं. तो कुठेही नोंदलेला नव्हता, तरी वाटायचं.

वर्षातून एकदा शाळेची तपासणी व्हायची. त्या दिवशी मान्यता नसलेली शिक्षिका शाळेत दिसली तर संस्थेला जाब द्यावा लागला असता. पहिली दोन वर्षं मला त्या दिवशी घरी बसवलं. पण मग प्रयोगाचं सामान मांडणार कोण? म्हणून तिसऱ्या वर्षापासून मी सकाळी येऊन सगळं मांडायचे आणि साहेब आले की प्रयोगशाळेमागच्या सामानाच्या खोलीत जाऊन बसायचे. शिपाईमामा बाहेरून कडी घालायचे. आत फॉर्मेलिनचा वास, बरणीतला बेडूक, एक हात तुटलेला प्लास्टरचा माणूस आणि मी. खोकला आला तर पदर तोंडात धरायचा.

सातव्या वर्षी मोठ्या बाई म्हणाल्या, “यंदाचे साहेब समजूतदार आहेत. वर्ग चांगला झाला की मी त्यांच्यापुढे तुमचा विषय काढते आणि तुम्हाला लगेच बोलावते.” मी तीन आठवडे वर्गाला जीव तोडून तयार केलं. तपासणीच्या दिवशी ठेवणीतली साडी नेसले, आणि ती नेसून सामानाच्या खोलीत जाऊन बसले.

भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी विचारलं, हवेला दाब असतो हे कशावरून? एका मुलीनं पाण्यानं भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून तो उलटा केला असणार, कारण वर्ग एकदम गप्प झाला आणि मग टाळ्या पडल्या. साहेब विचारत गेले, मुलं सांगत गेली. कुठेही घोकलेलं उत्तर नाही. मला आत बसून रडू येत होतं, आनंदानं.

“वा!” साहेब म्हणाले. “असा वर्ग क्वचित बघायला मिळतो. कोण शिकवतं तुम्हाला विज्ञान?”

मी उठले. निऱ्या नीट केल्या.

त्याच मुलीनं उत्तर दिलं. पहिल्या बाकावरची, वडिलांचा भाजीचा गाळा असलेली, वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोर. तिनं खणखणीत आवाजात त्या ज्येष्ठ बाईंचं आडनाव घेतलं. क्षणभरही थांबली नाही. मी मोठ्या बाईंच्या आवाजाची वाट पाहिली. तो आला. “चला साहेब, चहा घेऊ या.”

बऱ्याच वेळानं कडी निघाली. मोठ्या बाईंचा चेहरा फुललेला होता. “काय झालाय वर्ग! शेऱ्यात ‘उत्कृष्ट’ लिहिलंय त्यांनी.”

“आणि माझा विषय?”

“अहो, इतकं छान झाल्यावर तो कसा काढायचा? उगाच चौकशी लागली असती. पुढच्या वर्षी बघू.”

त्या खोट्या नव्हत्या. खरंच, काढायचा कशाला? सगळं सुरळीत चाललं होतं. मी जितकं चांगलं शिकवीन, तितकी माझी गरज कुणालाच वाटणार नव्हती, हे मला त्या उंबऱ्यावर उभी असताना कळलं.

जिन्यात ती मुलगी धावत आली. सकाळी मोठ्या बाईंनी वर्गाकडून ते उत्तर चारदा म्हणून घेतलं होतं, हे मला तिच्याकडूनच समजलं. “बाई, मी बरोबर सांगितलं ना? अडखळले नाही ना?”

ती शाबासकीसाठी माझ्याकडे बघत होती. खोटं बोललो असं तिच्या मनातही नव्हतं. तिनं माझ्यासाठीच केलं होतं ते.

“बरोबर सांगितलंस,” मी म्हटलं. “अगदी बरोबर.”

ती खूश होऊन वर्गाकडे पळाली. घंटा झाली होती, आणि पुढचा तास माझा होता.