कूलर बंद करून बसणारे भाऊ

आमच्या जळगावातले कॉम्प्युटरवाले भाऊ आधी मशीनला हात लावतात, मग माणसाकडे बघतात. एरवी शुद्ध बोलतात. जिवाचं काही असलं की अहिराणीवर येतात.

माझी लेक घरी बसून घरांचे नकाशे काढते. तिचा कॉम्प्युटर रेंगाळतो म्हणून मी, दोन व्हिडिओ बघून झालेल्या तज्ज्ञाने, प्रोसेसरचा वेग वाढवला. तेव्हापासून तो मधेच बंद पडू लागला. तिचं सगळं काम त्यातच. घरात माझ्याशी कुणी बोलेना. शेवटी खोका मांडीवर घेऊन रिक्षाने भाऊंकडे गेलो.

त्यांनी मी भरलेले वेगाचे आकडे पुसले आणि वेग एकेक पायरी चढवला. प्रत्येक पायरीला प्रोसेसरला जड काम लावायचं आणि तासभर तापमान बघत बसायचं.

"जळणार नाही ना?" मी चौथ्यांदा विचारलं.

ते उठले आणि मे महिन्यातल्या भर दुपारी त्यांनी दुकानाचा कूलर बंद केला.

"अहो, हे काय?"

"तुमना घरमा एसी शे का?"

"नाही."

"मग इथं गार हवेत पास होऊन काय उपयोग?"

आम्ही दोघं घामाने निथळत बसलो. तापमान चढत चढत एकदाचं थांबलं. मशीन चालूच होतं. मी टाळीसाठी हात पुढे केला, तर त्यांनी वेग एक पायरी खाली आणला.

"आता का?"

"उद्या मशीनच्या पंख्यात धूळ बसली की ते अजून तापेल ना, त्यासाठी."

मग कूलर लावून त्यांनी त्याचं तोंड माझ्याकडे फिरवलं. "मशीन बठ्ठं ठीक शे, भाऊ. सगळं ठीक. आता तुम्ही गार व्हा."