चार मीटर नव्वद

कापगते साहेबांनी मेश्राम मॅडमचं टाचण माझ्यापुढं ठेवलं. "गुरुजी, तुम्ही आकड्याचे पक्के. एकदा पाहून सही करून द्या."

टाचण म्हणजे पाठ कसा घ्यायचा याची लेखी आखणी. साहेब आमचे केंद्रप्रमुख. आसपासच्या शाळांवर त्यांची देखरेख. शनिवारी आमच्या शाळेत सगळ्या शिक्षकांसमोर इतिहासाचा नमुना पाठ होता. चांगला झाला तर तोच पुढं भंडाऱ्याला जिल्हा स्पर्धेत दाखवायचा. दिघोरीजवळच्या या शाळेत मी चौदा वर्षं चौथीला इतिहास शिकवत होतो. माझ्या वर्गाला सनावळ्या तोंडपाठ. मेश्राम मॅडम येऊन दीड वर्ष झालं होतं. पाठ त्यांना मिळाला.

"मले काहून नाही, साहेब?"

"तुमचा वर्ग पाह्यला आहे गुरुजी. पोरं चिडीचूप. मॅडमचे पोरं घंटा झाली तरी बाहेर निघत नाही."

ते खरं होतं. चौथी अ माझी, ब त्यांची. मधल्या सुट्टीत माझीच पोरं त्यांच्या खिडकीला लोंबकळत. मी मोजायचो. एकदा अकरा होती.

टाचणात काळपट्टी होती. सहा मीटर कागद, सुरुवात १९५०, एका वर्षाला दहा सेंटिमीटर. महाराष्ट्र झाला १९६०, तो एक मीटरवर. पोरांचे जन्म १९९६च्या आसपास, म्हणजे चार मीटर साठजवळ. सगळं बरोबर. फक्त भंडारा जिल्हा विभागून गोंदिया वेगळा झाला ते १९९९ साल तीन मीटर नव्वदवर लिहिलं होतं. हवं चार मीटर नव्वद. दहा वर्षांची चूक.

मी दोनदा मोजलं. मग सही केली, 'तपासले. योग्य आहे.' म्हटलं, चाळीस शिक्षकांसमोर कळेल.

शनिवारी पट्टी भिंतीवर लागली. पोरं आपापल्या नावाची चिठ्ठी जन्माच्या जागी चिकटवू लागली. प्राची नावाची मुलगी चिठ्ठी हातात धरून उभीच राहिली.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, मी मामाच्या गावी जन्मली, अर्जुनीकडं. ते आता गोंदियात हाय. पण माझ्या दाखल्यावर जिल्हा भंडारा लिवला हाय. पट्टीवर तं जिल्हा माझ्या आधीच फुटला."

"मग खोटं कोण? दाखला का पट्टी?"

वर्गात गलका झाला. एकानं घरून दाखला आणतो म्हटलं. दोघं मोजपट्टी घेऊन भिंतीशी भिडले. दहा मिनिटांत जिल्हा एक मीटर पुढं सरकला. साहेब खुर्चीच्या टोकाला आले होते. इतकं मन लावून त्यांनी माझा पाठ कधी पाहिला नव्हता.

पाठ संपल्यावर त्यांनी टाचण उघडलं. "गुरुजी, इथं तं तुमची सही आहे."

"नजरेतून सुटलं," मी म्हणालो.

"चष्मा बदला आता," मागून कोणीतरी बोललं. लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत.

सगळे गेल्यावर त्या पट्टी गुंडाळत म्हणाल्या, "सर, त्या आकड्याखाली तुमच्या पेन्सिलीचा ठिपका होता. तो पाहून मी काल मोजलं."

मोजताना टोक टेकलं असावं.

"मग म्हटलं, राहू द्यावं. पोरं पकडतात का पाहू." त्यांनी पट्टीला दोरा बांधला. "तुम्ही तोंडानं सांगितलं असतं तर मी लगेच खोडून टाकलं असतं."

साहेबांना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. त्याचाही मला रागच आला.

भंडाऱ्याला त्यांचा पहिला नंबर आला. तिथल्या पोरांसाठी केलेल्या नव्या पट्टीवर जिल्हा त्यांनी मुद्दाम तीन मीटर नव्वदवरच फोडला होता.

तेव्हापासून दुसऱ्याची चूक दिसली की मी त्याच दिवशी सांगून टाकतो. दाबून ठेवली तर तिचा फायदा नेमका त्यालाच होतो.