थर्माकोलचा मेंदू

थर्माकोल कापताना जो करकर आवाज होतो, तो ऐकला की अजून माझ्या अंगावर काटा येतो. गणपतीची आरास चालू असली की मी घराबाहेर पडतो.

ऐंशीनंतरची गोष्ट. सातपूरच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. कागदावरचे छेद बघून अख्खी वस्तू डोळ्यांपुढे उभी करायची, हे माझं काम, आणि त्याचा मला माज होता. तेव्हा नामपूरला शाळामास्तर असलेल्या माझ्या थोरल्या भावाला फिट्स येऊ लागल्या. मुंबईला नेऊन मेंदूचा स्कॅन काढला. डॉक्टर म्हणाले, "गाठ उजवीकडे आहे, ऑपरेशन लवकर करा. डावीकडे असती तर वाचा जायची भीती होती."

भाऊ मरणाला भीत नव्हता, मुकं होण्याला भीत होता. त्याने वर्गात कविता म्हणायला घेतली की बाजाराला निघालेली माणसं खिडकीशी थांबायची.

फिल्म घेऊन आम्ही नाशिकला माझ्या घरी आलो. तिच्यावर मेंदूच्या बारा चकत्या होत्या, एकाखाली एक घेतलेल्या. मला राहवेना. खिडकीच्या काचेवर फिल्म चिकटवून मी एकेक चकती ट्रेसिंग पेपरवर उतरवली, मापात मोठी केली, थर्माकोलमधून कापली. गाठीची जागा लाल रंगवली आणि चकत्या एकावर एक रचल्या. रविवारी दुपारी भावाचा मेंदू पाटावर तयार होता. गाठ डावीकडे होती.

तीनदा ताडून पाहिलं. "डॉक्टर चुकताहेत," मी म्हणालो. भावाने तो ठोकळा दोन्ही हातांत धरून फिरवून बघितला.

"तुले कागद समजतस ना? मंग झायं."

वाचा जाईल या भीतीने ऑपरेशन राहिलं. चार महिन्यांनी त्याचा डावा हात लुळा पडला, तेव्हा ठोकळा पिशवीत घालून मी एकटाच मुंबईला गेलो, डॉक्टरांना जाब विचारायला. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"काम सुरेख आहे. पण ही फिल्म पेशंटच्या पायाशी उभं राहून बघायची असते. तुम्ही डोक्यावरून बघितलीत. सगळं उलटं झालंय. गाठ उजवीकडेच आहे, म्हणून तर डावा हात गेला."

आमच्या ड्रॉइंगमध्ये वरून बघायचं, एवढंच मला ठाऊक. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल शाबूत राहिला, भावाचं घर रिकामं झालं. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, असंही डॉक्टरांनी सांगितलं.

घरी भावाने विचारलं, "काय म्हने डाक्तर?"

"काही नाही," मी म्हणालो. मला धीरच झाला नाही.

पुढे त्याचा पाय गेला, मग नजर गेली. वाचा मात्र जाईना. त्याचा प्रत्येक शब्द मला सांगत होता की गाठ उजवीकडेच आहे. शेवटच्या दिवशी माझा हात चाचपून, वर्गात बोलायचा तशा स्वच्छ आवाजात तो म्हणाला, "बरं झायं भाऊ, तू मना आवाज वाचाडा."