गंजीशेजारचा खड्डा

सासरच्या परसात मी खताचा खड्डा भरला तो निव्वळ ताठ्यातून. निजामी जाऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि माझ्या लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते. वडील पूर्णेला रेल्वेत. क्वार्टरामागे ते असाच खड्डा करत, आणि त्यांची वांगी बघायला लोक येत. इथे मात्र पालापाचोळा, झेंडूची वाळकी झाडं, कुंपणाची छाटणी, सगळं जाळून मोकळे. मी ते थराथरानं खड्ड्यात घातलं, मधेमधे शेणकाला ओतला, वरून मातीनं लिंपलं. जागा घेतली कडब्याच्या गंजीला लागून, कारण तिथली माती खणायला सोपी होती.

आठव्या दिवशी सकाळच्या थंडीत खड्ड्यातून वाफा निघू लागल्या.

"आग लागली! गंजीपाशी आग!" सासूबाई ओरडल्या.

पावसाळ्यापर्यंतचा बैलांचा सगळा चारा त्या गंजीत होता. सासरे पाण्याची घागर घेऊन धावले. मी खड्ड्यापुढे आडवी उभी राहिले. तोवर त्यांच्यासमोर मी मानही वर केली नव्हती.

"मामा, पाणी नका ओतू. कुजताना गरम होतंच ते. गार पडलं तर खत व्हायचं नाही."

त्यांनी घागर खाली ठेवली. पहार आणून खड्ड्यात खुपसली आणि उकिडवे बसून राहिले. मी उभीच. बऱ्याच वेळानं पहार उपसून त्यांनी टोकाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"लय तापलीय. तुज्या बापाच्या खड्ड्याजवळ गंजी व्हती का?"

वडिलांकडे ना बैल, ना कडबा. एवढ्या उष्म्यानं शेजारचा वाळका कडबा पेटतो की नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. छातीठोकपणे हो म्हणावं असं फार वाटलं.

"नव्हती," मी म्हणाले.

ते उठले, गंजीवर चढले आणि पेंढ्या खाली टाकू लागले.

"अवो, त्यापरीस खड्डा इझवा की!" सासूबाई म्हणाल्या.

"रेल्वेतल्या मानसाकडं कुठली गंजी? खोटंच हो म्हनली असती तर इझवलाच असता."

दिवसभर आम्ही दोघं पेंढ्या वाहत होतो. पात्यांनी माझे हात चिरले. मी लाजेनं रडत होते, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मला माहेरी पळून जावंसं वाटत नव्हतं.